खिशातला कॅमेरा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगी दीड वर्षाची आहे. मोबाइलवर दिवसा फोटो चांगले येतात, पण संध्याकाळी घरात तिचे हात पुसट येतात आणि चेहरा मेणाचा असल्यासारखा दिसतो. रोज जवळ ठेवता येईल असा छोटा कॅमेरा घ्यावा का? कोणता? (नाशिक)

उत्तर: घ्यावा, पण सेन्सरचे (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागाचे) माप पाहून. सेन्सर मोठा तितका उजेड जास्त मिळतो. कमी उजेडात मोबाइल लागोपाठ अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो. भिंत आणि सोफा जागचे हलत नाहीत, ते नीट जुळतात. मूल तेवढ्यात हललेले असते, म्हणून हात पुसट होतात. कमी उजेडाने फोटोत उमटणारे दाणे काढताना त्वचेचे बारकावेही पुसले जातात, म्हणून चेहरा मेणासारखा दिसतो.

दुकानात ‘३० पट झूम’ म्हणून दाखवतात, त्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, जेमतेम २८ चौरस मिलिमीटर असतो. असा कॅमेरा घेऊन तुमची अडचण सुटणार नाही. ‘एक इंची’ सेन्सर (नाव फसवे आहे, खरे माप १३.२ बाय ८.८ मिलिमीटर) त्याच्या चौपट असतो. त्याहून मोठा एपीएस-सी सेन्सर २३.५ बाय १५.६, म्हणजे त्या छोट्या सेन्सरच्या तेरापट. घरातल्या फोटोंसाठी एक इंचीच्या खाली उतरू नये.

सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत एक इंची सेन्सर असतो. २०१२ चे पहिले मॉडेल २४० ग्रॅमचे आहे आणि आजही कामाचे आहे. मात्र त्याचे एफ/१.८ अ‍ॅपर्चर (लेन्सचे उघडे तोंड; एफचा आकडा लहान तितके तोंड मोठे आणि उजेड जास्त) झूम न करता मिळते. पूर्ण झूमवर ते एफ/४.९ होते. घरात झूम करायचाच नाही, दोन पावले पुढे जायचे. रिको जीआर ३ (२०१९) मध्ये एपीएस-सी सेन्सर आहे, बॅटरी-कार्डासह वजन २५७ ग्रॅम, झूम नाही, अंगचा फ्लॅशही नाही. त्याची नजर २८ मिलिमीटरची. जीआर ३ एक्सची (२०२१) ४० मिलिमीटरची. दोन मीटरवरून २८ मध्ये सुमारे अडीच मीटर रुंदीचे दृश्य मावते, ४० मध्ये १.८ मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत आजी, नातवंडे आणि मागचे देवघर एकत्र हवे असेल तर २८ घ्यावा. फक्त चेहरे हवे असतील तर ४०. आमचा कल २८ कडे आहे, कारण वीस वर्षांनी चेहऱ्याइतकेच मागचे घरही पाहावेसे वाटते.

जुना कॅमेरा घेत असाल तर एफ/१६ वर (तेवढे नसेल तर सर्वांत मोठ्या आकड्यावर) मोकळ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून पाहा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स सुटी होत नाही, त्यामुळे ती धूळ काढायला बहुधा कॅमेरा उघडावा लागतो.

प्रश्न: चांगला कॅमेरा घेतला, तरी तीन वर्षांच्या मुलाचे निम्मे फोटो हललेलेच येतात. स्टॅबिलायझेशन चालू आहे. चूक काय? (सातारा)

उत्तर: आधी कोणत्या प्रकारे हलले ते ओळखा. फोटो मोठा करा. सगळे दृश्य एकाच दिशेला ओढल्यासारखे असेल तर तुमचा हात हलला. मागची भिंत स्पष्ट आणि मूल पुसट, त्यातही हातपाय जास्त, तर मूल हलले. मागचा पडदा लख्ख आणि मुलाचे डोळे मऊ, पण कडा ओढलेल्या नाहीत, तर फोकस चुकला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. स्टॅबिलायझेशन फक्त पहिल्यावर चालते. ते हाताची थरथर सावरते, मुलाची धावपळ नाही.

दुसऱ्यावर उपाय शटरचा वेग (फोटो टिपायला लागणारा वेळ) हाच. बसून खेळणाऱ्या मुलाला १/१२५ सेकंद पुरतो, चालत्याला १/२५०, अंगणात पळणाऱ्याला १/५००. कॅमेरा ‘ऑटो’वर सोडला तर घरात तो बहुधा १/३० किंवा १/६० निवडतो, आणि तिथेच फोटो जातो. मेन्यूत ‘ऑटो आयएसओ’मध्ये (आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता; ती वाढली की दाणेही वाढतात) किमान शटर वेग ठरवता येतो. तो १/२५० करा, आयएसओची वरची मर्यादा ६४०० ठेवा आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८ किंवा त्याहून मोठे (म्हणजे लहान आकड्याचे) उघडा. साधारण ट्यूबलाइटच्या खोलीत या आकड्यांवर आयएसओ ४०००च्या आसपास जातो. दाणे दिसतील. दिसू द्या, छापल्यावर ते फारसे जाणवत नाहीत, पुसट चेहरा मात्र दुरुस्त होत नाही.

फोकससाठी दिवसा एक जुनी युक्ती आहे, अंतर आधीच बांधून ठेवण्याची. २८ मिलिमीटरच्या नजरेच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/५.६ आणि फोकस दोन मीटरवर ठेवला, तर सुमारे सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. जीआरमध्ये यालाच ‘स्नॅप फोकस’ म्हणतात: अंतर ठरवायचे आणि बटण अर्धे न दाबता एकदम पूर्ण दाबायचे. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. रात्री ही युक्ती वापरू नका, कारण एफ/२.८ ऐवजी एफ/५.६ म्हणजे उजेड एक चतुर्थांश.

ही सगळी जुळणी जमली की कॅमेऱ्याच्या डायलवरच्या वैयक्तिक जागेत साठवा: एक घरातली, एक अंगणातली. मूल पहिल्यांदा उभे राहते तेव्हा मेन्यू उघडायला वेळ नसतो.

प्रश्न: कॅमेरा कपाटात राहतो आणि हवा तेव्हा हाताशी नसतो. रोज सोबत कसा ठेवावा? (कोल्हापूर)

उत्तर: मनगटाची दोरी लावा, गळ्यातली नको, गळ्यातली मुले ओढतात. खिशात थेट टाकू नका. खिशातले कापडी तंतू बाहेर येणाऱ्या लेन्सच्या नळीतून आत ओढले जातात, आणि सेन्सरवरची बरीचशी धूळ अशीच येते. पातळ, विणीचे तंतू न सुटणारी पिशवी शिवून घ्या आणि दर आठवड्याला धुवा. किल्ल्या वेगळ्या कप्प्यात. घरात दाराजवळ, चष्म्याशेजारी त्याची जागा ठरवा आणि एक जास्तीची बॅटरी त्याच पिशवीत ठेवा. जीआर ३ एका चार्जमध्ये सुमारे दोनशेच फोटो काढतो.

रंगपंचमी, विसर्जनाचा गुलाल आणि समुद्राची वाळू या तीन ठिकाणी असा कॅमेरा नेऊ नये. वाळूचा एक कण नळीत अडकला की लेन्स आतही जात नाही, बाहेरही येत नाही. तिथे ऑलिम्पस टीजी-६ सारखा, नळी बाहेर न येणारा जलरोधक कॅमेरा चालतो. त्याच्या झाकणांच्या रबरी कड्यावर केसही अडकलेला नाही ना ते पाहा आणि समुद्रावरून आल्यावर तो गोड्या पाण्यात बुडवून धुवा.

प्रश्न: कोकणात राहतो. दोन पावसाळ्यांत लेन्समध्ये जाळे धरले. (चिपळूण)

उत्तर: ती बुरशी आहे. तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफ करूनही डाग राहतो. पुढच्या कॅमेऱ्यासाठी रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. पाच लिटरच्या डब्यात दोनशे ग्रॅम सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि एक छोटे आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. नारिंगी दाणे हिरवट झाले की १२० अंशांवर दोन तास तापवा, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नको. चामड्याचे कव्हर डब्यात ठेवू नका, बुरशीला तेच आवडते.

एसीच्या सभागृहातून किंवा गाडीतून बाहेर पडण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि वीस-तीस मिनिटांनी काढा. नाहीतर बाहेरच्या दमट हवेचे पाणी गार काचेवर जमते.

प्रश्न: अमेरिकेतून सुट्टीला आलो आहोत. तिथे नीट चालणारा कॅमेरा इथे आजोळच्या घरात फोटोवर आडवे काळपट पट्टे देतो. बिघडला का? (सध्या पुणे)

उत्तर: नाही. तिथली वीज ६० हर्ट्झची, इथली ५० ची. त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे तिथे सेकंदाला १२० वेळा, इथे १०० वेळा मिणमिणतात. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने टिपते, म्हणून पट्टे उमटतात. ते बंद करून यांत्रिक शटर लावा. ते नसेल तर इथे वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. तिथली १/६० आणि १/१२० ची सवय इथे चालत नाही. आणि हो, कॅमेऱ्याचे घड्याळही भारतीय वेळेवर लावा, नाहीतर सकाळची मुंज आदल्या रात्रीच्या तारखेला नोंदली जाईल.

प्रश्न: झूम नसलेल्या कॅमेऱ्यात दूरचा चेहरा छोटा येतो. कापून मोठा केला तर छापता येईल का? (नागपूर)

उत्तर: ४ बाय ६ इंचांच्या छापील फोटोला १२०० बाय १८०० ठिपके पुरतात, म्हणजे सुमारे २२ लाख. २० मेगापिक्सेलच्या फोटोचा नववा भाग कापून घेतला तरी तेवढे उरतात. ८ बाय १२ साठी ८६ लाख लागतात, तिथे जेमतेम अर्धा फोटो कापता येईल. दुकानात मूळ फाइल पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती वाटेतच आक्रसते.