बहाव्याच्या नोंदी सुरू करताय, त्यांच्यासाठी

सीझनवॉचमध्ये, म्हणजे झाडांची पानं, फुलं, फळं कधी येतात याच्या नोंदी सामान्य लोकांनी दर आठवड्याला ठेवायच्या उपक्रमात, नाव नोंदवलंत, फार बरं केलंत. पण सुरुवातीलाच दहा झाडं घेऊ नका. रोजच्या वाटेवरचं एकच घ्या, म्हणजे भर पावसातही आठवड्याची नोंद चुकणार नाही.

बहावा निवडलाय म्हणून सांगतो. लोंबता घोस नीट न्याहाळा: देठाकडची फुलं आधी उमलतात, खाली टोकाला हिरव्या कळ्या मिटलेल्याच असतात. त्यामुळे एकाच दिवशी कळ्याही नोंदवायच्या आणि फुलंही. गेल्या हंगामातल्या काळ्या शेंगा फुलांशेजारी लटकत असतात. त्यांना यंदाच्या हिरव्या शेंगांत मिसळू नका.

फूल नसेल तर ‘नाही’ असं आवर्जून लिहा. नवखे नेमकं हेच गाळतात. शेवटचं ‘नाही’ आणि पहिलं ‘थोडी’ (थोडी फुलं दिसल्याची नोंद) यांच्यामध्येच बहराची सुरुवात सापडते, अभ्यासकांना तीच हवी असते.

आणि हो, एखाद्या वर्षी झाड लवकर फुललं की लगेच हवामानबदलाचा निष्कर्ष काढू नका. त्या वर्षीचा पाऊस, ऊन, झाडाची छाटणी, काहीही कारण असू शकतं. जपानमधल्या क्योटोत चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात, जुन्या रोजनिशा चाळून जमवलेल्या. म्हणून तर २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा, असं अभ्यासक सांगू शकले. आपल्या झाडांच्या अशा सलग जुन्या नोंदी फारच थोड्या आहेत हो!

सुट्टीत गावी जाणार असाल, तर शेजारच्या कुणाला तरी झाड दाखवून ठेवा.