मोठ्या फाइलचे तुकडे केल्यावर त्यांना नावं कशी द्यायची? .००१, .झेड०१, .पार्ट१.रार यातलं बरोबर कुठलं?

तुम्ही लिहिलंय की बिल्डचं (तयार सॉफ्टवेअरचं) टार-जीझी, म्हणजे सगळ्या फाइल्स एकत्र करून दाबलेली एक फाइल, ३ जीबीचं झालंय, क्लायंटला तुकड्यांत पाठवायचंय, आणि नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळीच नावं दिसतात. नावं वेगळी आहेत कारण आतली पद्धतच वेगळी आहे. पुढचा तुकडा कुठला हे बहुतेक टूल्स नावावरूनच शोधतात, त्यामुळे तुकडे झाल्यावर नाव बदलायचं नाही हे आधी मनात पक्कं करा.

सेव्हन-झिप हे फाइल दाबायचं आणि कापायचं टूल .७झेड.००१, .७झेड.००२ अशी नावं देतं. हे सरळ कापलेले तुकडे असतात, केकसारखे, एकापुढे एक जोडले की मूळ फाइल जशीच्या तशी परत. जोडायची कमांड लिनक्सवर कॅट, विंडोजवर कॉपी स्लॅश बी, समोरच्याकडे सेव्हन-झिप नसलं तरी जोडण्यापुरतं काम होतं.

रारचं तसं नाही. तिथे प्रत्येक तुकड्याला स्वतःचा हेडर (सुरुवातीला त्या तुकड्याची माहिती) असतो, नुसतं जोडून चालत नाही, पार्ट१ उघडायचा आणि बाकीचे त्याच फोल्डरमध्ये ठेवायचे. जुन्या रार फाइल्समध्ये पहिला तुकडा .रार, दुसरा .आर००, तिसरा .आर०१ असं असायचं (डॉसमध्ये एक्स्टेंशनला तीनच अक्षरं मिळायची ना), आणि .आर९९ संपलं की .एस००! म्हणजे .आर०० हा पहिला तुकडा नाही, दुसरा आहे, इथे खूप जण फसतात.

झिपचं तर उलटंच. .झेड०१, .झेड०२ आणि सगळ्यात शेवटचा तुकडा .झिप. कारण आत कुठल्या फाइल्स आहेत त्याची यादी झिपमध्ये शेवटी असते, म्हणून उघडायचा तो .झिपच. लोक काय करतात, .झिप दिसली की तेवढीच डाउनलोड करतात, बाकीचं काहीतरी एक्स्ट्रा असेल म्हणून सोडून देतात, आणि मग फाइल करप्ट आहे म्हणून मेल येतो. त्यात लिनक्सची नेहमीची अनझिप कमांड असे तुकडे उघडतच नाही, आधी झिप कमांडला एस झिरो ऑप्शन देऊन एकच झिप करून घ्यावी लागते. म्हणून अनोळखी माणसाला तुकड्यांची झिप मी तरी पाठवत नाही.

आता आमच्याकडे झालेलं सांगतो, कारण तुमची केस अगदी तशीच आहे. रात्री सर्व्हरवर नवीन व्हर्जन चढवायचं होतं, १२ तुकडे, नावं पार्ट१ ते पार्ट१२, सर्व्हरवर कॅट पार्ट-स्टार (स्टार म्हणजे पार्टने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइल्स) मारून जोडले. साइज बाइटपर्यंत जुळली म्हणून निश्चिंत झालो. एक्सट्रॅक्ट केलं तर सुरुवातीचे फोल्डर नीट बाहेर आले आणि मध्येच जीझिपचा एरर. दोनदा परत डाउनलोड केलं, तेच. शेवटी एलएस करून फाइल्सची यादी शांतपणे बघितली तेव्हा दिसलं, पार्ट१, पार्ट१०, पार्ट११, पार्ट१२, आणि मग पार्ट२. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आकडे मोजत नाही हो, अक्षरं लावतो. तुकडे सगळे होते, साइज तीच, फक्त क्रम चुकलेला. पुढे झिरो असते, पार्ट०१, पार्ट०२, तर दोन तास वाचले असते. तेव्हापासून मी तीन आकडेच ठेवतो, तुकडे पाच असले तरी. तुकडे करायला लिनक्सची स्प्लिट कमांड वापरत असाल तर डी ऑप्शन द्या म्हणजे आकडे येतील (नाहीतर एए, एबी अशी अक्षरं येतात, क्रम बरोबर लागतो पण फोनवर समोरच्याला सांगताना जीव जातो) आणि ए ३ द्या म्हणजे तीन आकडे. डीने मोजणी झिरोपासून सुरू होते, तेही मेलमध्ये लिहा, नाहीतर समोरचा .००० ला चुकून आलेली फाइल समजतो.

दुसरं म्हणजे व्हर्जन नावात हवंच, आणि ते तुकड्याच्या नंबरच्या आधी. ॲप-२.४.१-लिनक्स.टार.जीझी.००१ असं. समजा मागच्या रिलीजचे १४ तुकडे होते आणि या वेळी १२ झाले, नावं तीच, फोल्डर तोच. पहिले १२ ओव्हरराइट होतात, जुने १३ आणि १४ तिथेच राहतात आणि स्टार लावून जोडलं की तेही शेपटीला चिकटतात. नावात व्हर्जन असेल तर हे होतच नाही.

आणि ब्राउझरने दोनदा डाउनलोड झालेल्या फाइलला कंसातला १ लावला असेल तर आधी तो काढायला सांगा, एवढ्यानेसुद्धा रार तुकडा सापडत नाही म्हणून अडून बसतं.

३ जीबीला मी काय करीन विचाराल तर टार-जीझी तसंच ठेवून सेव्हन-झिपने ५०० एमबीचे .००१ वाले तुकडे, सोबत मूळ फाइलचा आणि प्रत्येक तुकड्याचा एसएचए-२५६ (फाइल बिघडली नाही ना हे तपासायचा कोड) असलेली एक टेक्स्ट फाइल, नाव तेच आणि पुढे .एसएचए२५६, आणि मेलमध्ये एकूण किती तुकडे आहेत तो आकडा. एक तुकडा बिघडला तर समोरचा तेवढाच परत मागतो, सगळे ३ जीबी नाही.