स्वस्तातली जुनी दुनळी घ्यावी का?

बंदुकीचं लायसन्स मंजूर झालंय, ट्रॅप (हवेत उडणाऱ्या तबकड्यांवरची नेमबाजी) शिकायचंय आणि मुंबईतल्या एका डीलरकडे जुनी बाराबोर दुनळी कमी भावात मिळतेय, तर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नळ्या आणि ॲक्शन (बंदूक उघडण्या-मिटण्याची आणि बार काढण्याची यंत्रणा) धड असतील तर विचार करायला हरकत नाही. दस्त्यावरचे ओरखडे, उडालेलं ब्लूइंग (पोलादावरचा काळसर-निळा मुलामा), नक्षी नसणं याने काही अडत नाही. नळीत खोट असेल तर मात्र फुकटातही नको.

दुकानात आधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) रिकामे आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा लाकडी भाग, काढायला लावा, बंदूक बंद करा आणि नळ्या धरून हलवा. फोरएंडच्या दाबाखाली लपलेली ढिलाई इथेच हाताला लागते. जरा जरी खडखड जाणवली तर पुढे बोलूच नका. डीलर फोरएंड काढू देत नसेल तर सरळ दुसरं दुकान गाठा.

नंतर नळ्या सुट्या करा, खालच्या हुकात बोट अडकवून लटकवा आणि नखाने टिचकी मारा. देवळातल्या घंटेसारखा लांबणारा नाद आला तर उत्तम. बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचं झाळकाम सुटलं असण्याची शक्यता मोठी. मग नळी उजेडाकडे धरून आत बघा. प्रकाशाची कडी कुठे वाकडी दिसली तर तिथे पोचा आहे. काळे खड्डे म्हणजे गंज, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत तो हमखास सापडतो, विशेषतः खोळीत घालून वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बंदुकीत. चेंबरजवळचे खड्डे सर्वांत वाईट, कारण दाब तिथेच सर्वाधिक असतो.

चेंबरची लांबीही मोजून घ्या. जुन्या ब्रिटिश बंदुकांचे चेंबर बरेचदा 65 मिमीचे असतात. 70 मिमीचं काडतूस तोंड दुमडलेलं असल्याने त्यात आरामात बसतं आणि घात होतो तो तिथेच: काडतुसाच्या तोंडाला उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीच्या पोलादातच लहरींची नक्षी दिसली तर ती डमास्कस नळी, आजच्या काडतुसांसाठी ती घेऊ नका.

आता ट्रॅपचं. एका फेरीत 25 तबकड्या, काडतुसात छर्रे 24 ग्रॅमपर्यंत. चार फेऱ्या म्हणजे किमान 100 काडतुसं. पायी फिरून करायच्या शिकारीसाठी बनवलेली हलकी दुनळी एवढ्या बारांत खांदा ठणकावते. ट्रॅपची बंदूक एकावर एक नळ्यांची आणि मुद्दाम जड असते. म्हणून पैसे मोजण्याआधी एखाद्या क्लबच्या बंदुकीवर दोन-चार फेऱ्या मारून बघा. काडतुसं आणि रेंजपर्यंतचा प्रवास यांचा खर्च थोड्याच दिवसांत बंदुकीच्या किमतीला मागे टाकतो, तेव्हा बंदुकीत वाचणाऱ्या पैशांवर सगळा हिशेब बेतू नका.

शिवाय शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य लायसन्सधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. मान्यताप्राप्त नेमबाजांना सवलत आहे, पण तुम्ही अजून तिथवर पोचलेला नाहीत. ही दुनळी घेतलीत तर दोनातली एक जागा गेली. ट्रॅपच मनात पक्कं असेल तर मी ती जागा राखून ठेवेन.