चौकटीच्या वहीतील तिरप्या रांगा

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. शाळेत १ ते १०० मधील मूळ संख्या रंगवण्याचा उपक्रम झाल्यावर तिने घरी चौकटीच्या वहीत मधोमध १ लिहिला, त्याच्या उजवीकडे २, त्यावर ३ आणि मग डावीकडे, खाली, पुन्हा उजवीकडे असे वळसे घेत २२५ पर्यंत संख्या मांडल्या. मूळ संख्यांची घरे रंगवल्यावर ती तिरप्या रेषांत लागलेली दिसतात. हा डोळ्यांचा भास आहे की यामागे काही नियम आहे? नियम असेल, तर त्यावरून पुढची मूळ संख्या सांगता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मुलीने जे केले तेच १९६३ साली स्टॅनिस्लाव्ह उलाम या मूळच्या पोलिश असलेल्या अमेरिकी गणितज्ञाने एका कंटाळवाण्या व्याख्यानाला बसल्या बसल्या केले होते आणि त्यांनाही तिरप्या रेषाच दिसल्या होत्या. मायरन स्टाइन आणि मार्क वेल्स या सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील मॅनिअॅक-२ या संगणकाकडून सुमारे ६५,००० पर्यंतच्या संख्यांचे तसेच चित्र काढून घेतले, तरीही रेषा पुसल्या गेल्या नाहीत. मार्च १९६४ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर ही मांडणी झळकली आणि पुढे ती उलाम सर्पिल म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याआधी, १९३२ मध्ये, लॉरेन्स क्लाउबर यांनी संख्या त्रिकोणात मांडून असाच शोध घेतला होता. हे गृहस्थ खुळखुळ्या सापांचे मोठे अभ्यासक होते, त्यामुळे ‘सर्पिल’ हे नाव खरे तर त्यांच्या मांडणीला शोभले असते.

आता भास की नियम, याकडे वळू. काही अंशी हा भासच आहे. या मांडणीत सम आणि विषम संख्या बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणे आलटून पालटून येतात, आणि २ सोडल्यास सर्व मूळ संख्या विषम असल्याने त्या एकाच रंगाच्या घरांत बसतात. अशी दोन घरे एकमेकांना चिकटली तर ती कोपऱ्यानेच चिकटणार, म्हणजे तिरपीच दिसणार. चिठ्ठ्या टाकून कोणत्याही विषम संख्या रंगवल्या तरी तीन-चार घरांच्या तिरप्या रांगा जागोजागी निघतील. मात्र एवढ्याने सगळा उलगडा होत नाही, कारण विषम संख्यांच्या काही तिरप्या रांगा मूळ संख्यांनी गजबजलेल्या असतात, तर काही साफ रिकाम्या.

वहीतच पाहा. १ पासून खाली उजवीकडे जाणाऱ्या कर्णावर ९, २५, ४९, ८१ असे विषम संख्यांचे वर्ग येतात. तेथे मूळ संख्या असण्याचा प्रश्नच नाही. या प्रत्येक वर्गाच्या डावीकडे दोन घरे सरकले की ७, २३, ४७, ७९, ११९, १६७, २२३ ही रांग मिळते, आणि तिच्यातील ११९ वगळता सर्व संख्या मूळ आहेत. तिच्याच डावीकडे आणखी दोन घरांवर २१, ४५, ७७, ११७, १६५, २२१ ही दुसरी रांग आहे. तीही पूर्णपणे विषमच, परंतु तिच्यात एकही मूळ संख्या नाही.

शेजारच्या दोन रांगांत एवढी तफावत का, याचे उत्तर शाळेतील बीजगणितातच आहे. दुसऱ्या रांगेतील प्रत्येक संख्या एखाद्या वर्गापेक्षा ४ ने कमी आहे आणि क्ष² − ४ चे अवयव (क्ष − २) व (क्ष + २) असे पडतात. म्हणूनच ७७ म्हणजे ७ × ११ आणि २२१ म्हणजे १३ × १७. पहिल्या रांगेतील संख्या क्ष² − २ या रूपातील आहेत. त्यांना ३ ने भाग जायचा, तर वर्गाला ३ ने भागून बाकी २ उरायला हवी, आणि वर्गाची बाकी ० किंवा १ च उरते. ५, ११ आणि १३ यांच्याबाबतही असेच घडते. इतके लहान विभाजक आधीच बाद झाल्यावर त्या रांगेत मूळ संख्यांची दाटी होणे साहजिक आहे. इतर तिरप्या रेषांनाही अशीच वर्गराशी, म्हणजे क्ष² असलेली राशी, लागू पडते, कारण प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यापेक्षा ८ घरांनी मोठा असतो. माझ्या मते या चित्रात खरे पाहण्यासारखे हेच आहे : डोळ्यांना दिसते ती रेषा, पण तिच्यामागे काम करते ती भागाकाराची बाकी.

पुढची मूळ संख्या मात्र यावरून सांगता येत नाही. क्ष² − २ ला ३, ५, ११, १३ ने भाग जात नसला तरी ७ ने जातो, त्यामुळे क्ष ११ असताना ११९ येथे आणि क्ष १७ असताना २८७ येथे खंड पडतो, आणि असे खंड पुढेही ठरल्या अंतराने पडत राहतात. कोणत्या वर्गराशीत मूळ संख्या किती दाट असाव्यात याचा अंदाज हार्डी आणि लिटलवुड या इंग्रज गणितज्ञांनी १९२३ मध्ये मांडला होता आणि प्रत्यक्ष मोजणीशी तो चांगला जुळतो. परंतु तो सिद्ध झालेला नाही. आपल्या मुलीच्या वहीतील ७, २३, ४७ ही रांग अनंत मूळ संख्यांतून जाते की नाही, एवढेसुद्धा आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

तिला आणखी एक मांडणी करून पाहता येईल. मधोमध १ ऐवजी ४१ लिहून त्याच रीतीने ४० × ४० घरे भरावीत. ऑयलरच्या प्रसिद्ध राशीचे न² + न + ४१ हे रूप त्या चौकोनाच्या एका कर्णावर उतरते आणि ४१, ४३, ४७, ५३ पासून १६०१ पर्यंत त्या कर्णावरील चाळीसच्या चाळीस संख्या मूळ निघतात. कर्ण आणखी एक घर वाढवला की तेथे १६८१ येते, म्हणजे ४१ × ४१.