पेटीतला वळेसार

प्रश्न : तुम्ही बरीच वर्षं फक्त भजनं आणि नाटकांची पदं लिहिलीत. ‘प्रेमगीत आता माझ्याच्यानं होणार नाही’ असंही एकदा म्हणाला होतात. यंदा मात्र प्रेमाचं गाणं आलं. घटस्फोटानंतर माझंही मन मिटून गेलंय, म्हणून विचारते, हे झालं कसं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सरळ विचारलंत, बरं वाटलं. माझा संसार मोडला त्याला 9 वर्षं झाली. मुंबई सोडून वेंगुर्ल्याजवळ आईच्या घरी आले आणि विठ्ठलावर लिहीत बसले. विठ्ठल उलट बोलत नाही, हा मोठा फायदा.

कोकिळा गायली आणि मन पालवलं, असलं काही झालं नाही. तसाही ‘कुहू’ करतो तो नर. आम्ही गीतकारांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला उगाच साडी नेसवली.

आमच्याकडे वसंत नाकानं कळतो. आधी आंब्या-काजूचा मोहोर, मग शिमग्याच्या सुमाराला सुरंगीची वासाची फुलं. शेजारच्या काकींची दोन झाडं आहेत. कळे उमलायच्या आत उतरवावे लागतात, म्हणून उजाडायच्या वेळी त्यांचा मुलगा झाडावर आणि खाली चादर धरायला माणसं. यंदा एक माणूस कमी पडलं. काकींनी कुंपणावरून हाक मारली, “चेडवा, लिवतंस काय रिकामा? चादर धर ये. कळे मातयेत पडले तर गिऱ्हाईक घेवचा नाय.” गेले. कळ्यांबरोबर मानेवर हुमलेही पडले, म्हणजे झाडावरचे चावरे तांबडे मुंगळे. नऊ वर्षांत माझ्या तोंडून इतक्या मोठ्यानं आवाज निघाला नव्हता! काकी हसून हसून चादर सोडायच्या बेतात.

सुरंगी कोवळ्या शेंड्याला येत नाही, जून फांदीला अंगालगत लगडते. ते पाहून मी घरी पळाले आणि ‘जुन्या फांदीला नवा बहर’ अशा थाटाचा मुखडा लिहिला. भिकार. चार दिवस घासला, शेवटी कागद चुलीत घातला. झाडाकडून उपदेश घ्यायला गेलं की गाणं पडतं.

पण चादर धरायला रोज जात राहिले. वळेसार, म्हणजे सुरंगीचे गजरे, ओवायलाही बसले. बोटांना दिवसभर वास राहायचा, जेवतानासुद्धा.

त्याच आठवड्यात पदांना चाल लावायला आमचे पेटीमास्तर आले. सावंतवाडीहून एस.टी.नं येतात, कमी बोलतात, चहात साखर तीन चमचे. निघताना मी त्यांना एक वळेसार दिला, “घरी द्या.” ते म्हणाले, “घरी कोण आहे द्यायला?” तक्रार म्हणून नव्हे, एस.टी.ची वेळ सांगावी तसं. सात वर्षं हा माणूस माझ्या ओसरीवर बसतोय आणि मी कधी विचारलंही नव्हतं. वळेसार त्यांनी पेटीचं झाकण उघडून आत ठेवला.

सुरंगी सुकली तरी तिचा वास जात नाही. पुढच्या खेपेला त्यांनी भाता हलवला आणि सुरांआधी तो वास ओसरीभर आला. दोघंही थांबलो. मुखडा तिथंच सुचला, त्यांच्यासमोर लिहायची लाज वाटली म्हणून मागीलदारी जाऊन लिहिला.

पुढचं विचारू नका. दुसरा अंतरा अजून अडलाय, आणि मास्तर गुरुवारी येणार आहेत.