‘उपग्रह शोधत आहे’वर अडकलेला हँडहेल्ड: अँटेना बदलायच्या आधी हे बघा

भाऊ, तुमची अडचण वाचली आणि लगेच लिहायला बसलो. जुना विंडोज मोबाइलचा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं जीपीएस मशीन, नकाशा नीट उघडतो, पण खालची ‘उपग्रह शोधत आहे’ ही पट्टी हलत नाही. तारीख वीसेक वर्षं मागची दिसते. दुकानदार म्हणतोय अँटेना गेलीय, मशीन ठेवून जा. ठेवून येऊ नका, निदान आजच नको. माझ्या मशीनचं हुबेहूब असंच झालं होतं आणि अँटेनाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

मी ठिबकच्या डिझाइनसाठी शेतं मोजतो. मोहोळ, माढा, पंढरपूर हा माझा पट्टा. चार्जिंग, कार्ड काढून घालणं, बंद-चालू हे तुम्ही केलंच असणार, त्यात वेळ घालवत नाही.

तारखेचं आधी सांगतो, कारण दुकानदार त्याच्यावरूनच घाबरवतात. जीपीएसचे उपग्रह जुन्या सिग्नलवर आठवड्याचा आकडा 0 ते 1023 एवढाच पाठवतात, मग पुन्हा शून्य. असा शून्य एकदा ऑगस्ट 1999मध्ये झाला आणि नंतर 7 एप्रिल 2019ला आपल्याकडच्या पहाटे. ज्या जुन्या मशीनला हे कळत नाही, ते 1024 आठवडे, म्हणजे साधारण 19 वर्षं 7 महिने मागची तारीख दाखवतं. काही मशीनमध्ये हा घोळ वेगळ्या तारखेला होतो, ते फर्मवेअरवर, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरवर असतं. तारीख चुकली तरी जागा बहुतेक वेळा बरोबरच येते, त्यामुळे तुमची पट्टी अडकण्याचं कारण दुसरीकडे शोधा. कंपनीचं फर्मवेअर मिळालं तर टाका. नसेल तर ‘जीपीएसवरून घड्याळ लावा’ हा पर्याय बंद करून तारीख हाताने घाला. अनुदानाच्या फायलीला फोटो जोडत असाल तर हे आजच करा, चुकीच्या तारखेच्या फोटोवरून फाइल परत येते.

आता मुख्य गोष्ट. रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांचा सिग्नल पकडणारा आतला भाग, बिघडलाय की नकाशाच्या सॉफ्टवेअरला त्याचं ऐकू येत नाहीये, हे आधी वेगळं करा. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली काहीच कळणार नाही. मोकळ्या रानात जा, मशीन बोनेटवर आडवं ठेवा आणि हलवू नका. बरेच दिवस बंद असलेल्या मशीनला उपग्रहांचं जुनं वेळापत्रक कामाचं नसतं. ते पूर्ण नव्याने उतरायला साडेबारा मिनिटं लागतात, कारण उपग्रहाकडून माहिती सेकंदाला फक्त 50 बिट या वेगाने येते. म्हणून वीस मिनिटं धीर धरा. गाडी चालवत चालवत पहिली जागा पकडायची वाट बघणं म्हणजे उगाच त्रास.

माझं मशीन ज्या दुरुस्ती केंद्रात गेलं, तिथे हे कुणी केलं नाही. काउंटर तळमजल्याच्या गाळ्यात, वर स्लॅब, बाजूला लोखंडी रॅक. ट्यूबलाइटखाली मशीन धरून तिथल्या माणसाने मला स्क्रीनवरचे उपग्रहांच्या सिग्नलचे रिकामे खांब दाखवले आणि म्हणाला, बघा, मॉड्यूल मेलंय. मी म्हटलं, दोन मिनिटं रस्त्यावर येऊन बघू. आला नाही. आतल्या मेमरीत हंगामभराच्या शेतांच्या हद्दी आहेत, आधी त्या काढून द्या मग हात लावा, हे मी तोंडी सांगितलं होतं आणि पावतीवरही लिहून घेतलं होतं. तरी त्यांनी हार्ड रीसेट मारला. हद्दी गेल्या, नकाशाचं लायसन्स गेलं, वर अँटेना बदलल्याचं बिल. पावती दाखवली तर ‘रीसेट ही प्रोसेस आहे’ एवढंच उत्तर. ती शेतं पुन्हा चालायला गेलो तोवर ऊस डोक्याच्या वर गेला होता. ओल्या पाचटातून सिग्नल तुटतो, बांध धड दिसत नाही, आणि शेतकरी विचारतो की मोजणी तर मागेच झाली होती ना. त्याला काय सांगणार? पैशाचं सोडा, त्या माणसाचा पाइप थांबला होता. आजही त्या केंद्राबद्दल माझा राग गेलेला नाही.

मशीन परत आलं तेव्हा चालू होतं, म्हणून मलाही वाटलं अँटेनाच असेल. मग फोटोवर जागा छापणारा प्रोग्रॅम पुन्हा टाकला आणि पट्टी पुन्हा तिथेच अडकली. तेव्हा कारण सापडलं: पोर्ट, म्हणजे रिसीव्हरची माहिती प्रोग्रॅमपर्यंत पोचायची आतली वाट. दोन प्रोग्रॅम एकाच हार्डवेअर पोर्टवर बसले की जो आधी उघडला तो पोर्ट धरून ठेवतो आणि दुसरा नुसता शोधत राहतो. रीसेटने फोटोचा प्रोग्रॅम उडाला होता, म्हणून तेवढ्यापुरतं चाललं.

सेटिंग्ज, मग सिस्टिम, तिथे एक्स्टर्नल जीपीएस. त्यात दोन आकडे असतात, प्रोग्रॅम पोर्ट आणि हार्डवेअर पोर्ट. नकाशा आणि बाकी सगळ्यांना प्रोग्रॅम पोर्ट द्या. हार्डवेअर पोर्ट विंडोजसाठी सोडा, आणि ‘जीपीएस आपोआप सांभाळा’ या चौकटीत टिक ठेवा. मग रिसीव्हरकडून येणाऱ्या कच्च्या ओळी दाखवणारं एखादं छोटं सॉफ्टवेअर लावून बघा. डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी पळत असतील तर रिसीव्हर जिवंत आहे. नुसती वेडीवाकडी अक्षरं येत असतील तर बॉड रेट, म्हणजे माहिती येण्याचा वेग, चुकलाय: 4800 हा मूळ वेग, पण आत बसवलेले रिसीव्हर बरेचदा 9600 किंवा त्याच्या वरचे असतात. काहीच येत नसेल तर पोर्ट चुकलाय किंवा रिसीव्हरला वीजच नाही. $GPRMC ने सुरू होणाऱ्या ओळीत वेळेच्या लगेच पुढे व्ही (V) असेल तर अजून जागा मिळालेली नाही, ए (A) असेल तर मिळालीय. ए दिसतोय आणि नकाशा अजून शोधतोय, तर अँटेना नक्की ठीक आहे. तीच स्क्रीन दुकानदाराला दाखवा. ओळीतली वेळ साडेपाच तास मागे दिसेल, ती जागतिक वेळ असते, बिघाड नाही.

हे सगळं करायच्या आधी आतल्या फायली एसडी कार्डवर आणि तिथून संगणकावर घ्या. कुणालाही मशीन देताना कार्ड काढून खिशात ठेवा. पावतीवर लिहून घेण्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

जागा मिळाली पण भलतीकडे दाखवतोय, असं झालं तर आकड्यांची पद्धत बघा. 17 अंश 40.5 मिनिटं म्हणजे 17.675. तेच कुणी 17.405 असं घातलं तर शेत सोलापुरावरून 30 किलोमीटर दक्षिणेला भीमेच्या आसपास जातं. यूटीएममध्ये, म्हणजे जागा झोन आणि मीटरमध्ये सांगायच्या पद्धतीत, आपला झोन 43 उत्तर. चुकून 44 ठेवला तर बिंदू थेट आंध्रात, राजमहेंद्रीच्या वरच्या डोंगरात. माझ्याकडे आलेल्या कितीतरी ‘बिघडलेल्या’ मशीनचा बिघाड एवढाच होता.

बांधावरून हळू चालताना बिंदू एका जागी चिकटून मग उडी मारतो का? सिर्फ (SiRF) कंपनीच्या जीपीएस चिपमध्ये स्टॅटिक नॅव्हिगेशन नावाची सोय असते, गाडी सिग्नलला थांबली की बिंदू हलू नये म्हणून केलेली. पायी मोजणीला ती बंदच हवी. आणि उन्हाळ्यात मशीन काचेमागे ठेवून जेवायला जाऊ नका, आपल्याकडे एप्रिलपासूनच बॅटऱ्या फुगतात.

एक स्पष्ट सांगतो, मी इंजिनिअर नाही आणि तुमचं मॉडेल मी हाताळलेलं नाही, मेनूची नावं थोडी इकडेतिकडे असतील. शिवाय या मोजणीवर हद्दीचा वाद सोडवायला जाऊ नका. एकरभर चौकोनी शेताच्या चारही बाजू 3-3 मीटर बाहेर गेल्या तर जवळजवळ 8 गुंठे वाढतात. त्या कामाला भूमी अभिलेखची मोजणी लागते. ठिबकचा पाइप मागवायला हे पुरतं.

दोन्ही पोर्टचे आकडे, बॉड रेट आणि कच्च्या ओळींचा एक फोटो टाका. फोटो उघड्यावर, मशीन वीस मिनिटं चालू ठेवून मगच काढा. रात्री साइटवरून आलो की बघतो.