बोटीचं कॅनव्हास आणि क्लिअर पडदे: शिवून घेण्याआधी हे वाच

भावा, बोटीला नवीन एन्क्लोजर (कॅनव्हास आणि आरपार दिसणाऱ्या पडद्यांचं आच्छादन) शिवून घेतोयस तर आधी दोरा कुठला ते विचार, कापडाकडे सगळेच बघतात. सनब्रेलासारखं अ‍ॅक्रिलिक कापड वर्षानुवर्षं टिकतं पण साधा पॉलिस्टर दोरा उन्हाने त्याच्या आधी कुजतो आणि शिलाई उसवायला लागते, पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) दोरा महाग आहे तरी तोच घाल. क्लिअर पॅनलला, म्हणजे आरपार दिसणाऱ्या भागाला, १ मिमी जाडीची व्हिनाइल शीट बरी. पडद्यांची चेन (झिप) जाड प्लास्टिक दातांची घे, मेटलची खाऱ्या हवेत जाम होते.

आता मेन गोष्ट. समुद्रातून आलास की पॅनलवर मिठाचे बारीक कण वाळलेले असतात, त्यावर कोरडं फडकं फिरवलं की चरे पडलेच म्हणून समज. आधी भरपूर गोडं पाणी सोड, मग मायक्रोफायबर आणि सौम्य साबण. काचेचा अमोनियावाला स्प्रे अजिबात नको, व्हिनाइल धुरकट होतं, आणि सनस्क्रीन लावलेले हात कुणाला टेकवू देऊ नकोस.

पावसाळ्यात बोट वर काढलीस की पडदे सोडवून घरी ने, पूर्ण वाळव, सपाट ठेव नाहीतर मध्ये मऊ चादर घालून सैल गुंडाळ. घडी मात्र घालू नको, ती रेघ परत जात नाही.